मे महिन्यातले पक्षी

‘तुमच्या पक्षिनिरीक्षणाच्या छंदाविषयी काहीतरी हलकंफुलकं लिहा,’ असं संपादकांनी फोनवर सांगितलं. मी म्हटलं, छंद वगैरे काही नाही, मी तेरा वर्षं लोकांना पक्षी मोजून दिले आहेत, कंत्राटावर. त्यांना तो विनोद वाटला. ते मोकळेपणाने हसले आणि ‘शब्दमर्यादा तेवढी पाळा’ म्हणाले.

तेव्हा आधीच सांगून ठेवतो. ज्यांना पहाटेचं धुकं, पाण्यावरचं सोनेरी ऊन आणि मनःशांती वाचायची असेल त्यांनी पान उलटावं, पुढे बहुधा फराळाच्या पाककृती असतील. पुण्यात नदीकाठी पहाटे धुकं कमी आणि वास जास्त असतो. त्या वासात उभं राहून काढलेल्या वर्षांची ही हकीकत आहे, आणि तिच्यात माझी शोभा फारशी नाही.

मी कर्वेनगरात राहतो. एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. सहायक म्हणजे बेडूक आणून ठेवणारा, बरण्यांवरच्या चिठ्ठ्या बदलणारा आणि प्रात्यक्षिक संपलं की ट्रे धुणारा. सव्वीस वर्षांत प्राध्यापक मंडळींनी मला नावाने क्वचितच हाक मारली. ‘अरे, तो कुठाय?’ यातला ‘तो’ म्हणजे मी. विभागाच्या काचेच्या कपाटात पेंढा भरलेला एक पाणपक्षी होता आणि त्याच्यापुढची चिठ्ठी साफ चुकीची होती. हे त्या पदवीधरांच्या खोलीत एकट्या मला कळत होतं. मी ते दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

पक्षी मी आपापला शिकलो. बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडून जुनी दुर्बीण घेतली. तिचं डावं भिंग सगळं पिवळट दाखवायचं, म्हणून पांढरे पक्षी मी उजव्या डोळ्याने बघायचो. रविवारी पहाटे सायकल काढायची आणि नदी गाठायची. आमच्या दसऱ्यालाही तेच. आमच्या घरी त्या दिवशी सोनं लुटत नाहीत. माझ्या वडिलांनी छप्पन्न साली धम्म घेतला, तेव्हापासून दसऱ्याला सकाळी पांढरे कपडे घालून विहारात वंदनेला जायचं. मी त्याआधी नदीवर जाऊन यायचो आणि पांढऱ्या पायजम्याला चिखल लावून वंदनेच्या रांगेत उभा राहायचो. माझी बायको कुसुम दर वर्षी त्या पायजम्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं समजावून सांगतो. भाद्रपद सरता सरता पाऊस ओसरतो, खडकवासल्यातून नदीत सोडलेलं पाणी बंद होतं, नदी खाली बसते आणि काठचा चिखल उघडा पडतो. त्या चिखलात अळ्या, किडे, गोगलगायी असतात. हिमालयापलीकडून निघालेले पक्षी नेमके त्याच सुमाराला इथे पोचतात. आधी धोबी येतो, मग चिखलात टोचत फिरणारे तुतवार, मग बदकं. हे सगळे नेहमीचे. त्यांच्यात क्वचित एखादा नेहमीचा नसलेला पक्षी असतो आणि त्याच्यासाठी आमच्यासारखी माणसं घोटाभर घाणीत उभी राहतात. घाण हा शब्द मी जपून वापरतोय. शहराने आपलं सांडपाणी नदीत सोडलं, त्यात किडे झाले, त्या किड्यांवर परदेशचे पाहुणे जगले, आणि आम्ही पुणेकर ‘आमच्याकडे किती पक्षी येतात’ म्हणून मिरवायला मोकळे.

आम्हा पक्षी बघणाऱ्यांच्या जमातीचं एक सोवळं असतं. जो पक्षी त्या दिवशी, त्या जागी, स्वतःच्या डोळ्यांनी स्पष्ट पाहिला तेवढाच वहीत लिहायचा. काल होता म्हणून आज लिहायचा नाही. आवाज आला पण दिसला नाही, तर तसं लिहायचं. शंका असली की रेघ मारायची. मी हे सोवळं फार कडक पाळायचो. बाकी कुठलंच सोवळं आमच्या वाट्याला आलं नव्हतं, म्हणूनही असेल.

मग गावात संगणक आला. नदीकाठी जिथे ज्वारी आणि ऊस होता तिथे काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या. एवढी मोठी बांधकामं करायची तर पर्यावरणाचा अहवाल द्यावा लागतो, आणि अहवालात हवा, पाणी, माती, झाडं यांच्यासोबत पक्ष्यांचंही एक प्रकरण लागतं. प्रकरण आलं म्हणजे मोजणारा माणूस आला. अशा अहवालांचा कारखाना चालवणारे एक तरुण गृहस्थ होते, त्यांना सगळे नितीनसर म्हणत. कॉलेजातल्या कुणीतरी त्यांना माझं नाव सुचवलं. ‘नाव’ म्हणजे ‘तो आहे ना, तो’ असंच सुचवलं असणार. मी कॉलेज मुदतीआधी सोडलं आणि नितीनसरांकडे लागलो. पहिल्याच अहवालात माझ्या नावापुढे ‘पक्षितज्ज्ञ’ असं छापून आलं. मी ते पान कुसुमला दाखवलं. ती म्हणाली, ‘आता तरी पायजमे धुवायला बाई लावा.’

या धंद्यात नमुने खूप भेटले. एका अहवालात मुठेच्या काठी खारफुटी आहे, असं लिहिलेलं मी छापायच्या आदल्या दिवशी पकडलं. कोकणातल्या कुठल्यातरी कामाचा अहवाल उचलून गावाचं नाव बदललं होतं, झाडं बदलायची राहिली होती. मी दाखवल्यावर तिथला मुलगा म्हणाला, ‘काका, एवढं कोण वाचतं?’ त्याचं बरोबर होतं. मी सोडून कुणीच वाचत नव्हतं.

एका संगणक कंपनीला पर्यावरण दिनी आपल्या आवारातले पक्षी मोजून हवे होते. वेळ दिली सकाळी अकराची, कारण त्याआधी त्यांची माणसं येत नाहीत. हिरवळीवर साळुंक्या होत्या, कबुतरं होती आणि कँटीनच्या मागे कावळे होते. तीन जाती झाल्या, चौथी घार. मनुष्यबळ विभागाच्या बाई अस्वस्थ झाल्या. ‘सर, तीस तरी हव्यात. शेजारच्या कॅम्पसमध्ये अठ्ठावीस निघाल्यात.’ मी म्हटलं, मॅडम, मी मोजायला आलोय, आणून सोडायला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरा तज्ज्ञ बोलावला आणि त्याला एकतीस मिळाल्या. असे गुणी लोक असतात.

आणि मग ते लेन्सवाले. आठवडाभर संगणकापुढे बसायचं आणि रविवारी तोफेएवढी लेन्स घेऊन नदीवर उतरायचं. माझ्या पिवळ्या दुर्बिणीकडे बघून एकाने मला विचारलं होतं, ‘काका, तुम्हाला यातून नक्की दिसतं का?’ हिवाळ्यात कुरव, म्हणजे सीगल, आले की ही मंडळी त्यांना फरसाण फेकायची, म्हणजे पक्षी झेप घेतो आणि फोटो चांगला येतो. सैबेरियाच्या बाजूहून हा पक्षी उडत यायचा तो पुण्यात मसाला शेव खायला. एखादा दुर्मीळ पक्षी कुणाला दिसला की फोनवर फोन, ‘एक्झॅक्ट लोकेशन द्या ना’, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी चाळीस माणसं आणि पक्षी नाही. मी कधीच कुणाला जागा सांगितली नाही. मला ते खडूस म्हणायचे. तेवढा एक किताब मी कमावलेला आहे.

अशी न सांगितलेली एक जागा माझ्याकडे होती. ती आता सांगायला हरकत नाही. मुंढव्याच्या पुढे नदी जिथे वळण घेते तिथे आतल्या अंगाला एक सखल पाणथळ पट्टा होता. पावसाळ्यात तो पाण्याखाली जायचा, दसऱ्याच्या सुमाराला पाणी उतरून घोटाभर उरायचं आणि मधे मऊ चिखल. तिथे मी पहिल्यांदा उचाट्या पाहिला. काळापांढरा, उंच निळसर पायांचा पक्षी, आणि चोच टोकाशी वर वळलेली. ती चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरवत तो चालतो. पुण्याकडे तो सहसा दिसत नाही. इथे एक थवा दर वर्षी येत होता, कधी सतरा, कधी वीस, एका वर्षी सव्वीस. अकरा वर्षं मी ते न चुकता वहीत लिहिले.

ती जागा मी शोधून काढली असं मला वाटत होतं. पहिल्याच वर्षी, पक्षी यायच्या आधी मी तिथे दुर्बीण लावून उभा असताना मागून आवाज आला, ‘काय हुडकताय?’ एक बाई गवताचा भारा बांधत होती. गावातल्या एका शेतकरी घरातली मोठी सून, सिंधूताई. तिच्या दोन म्हशी त्या पट्ट्यातल्या गवतावर होत्या.

मी म्हटलं, ‘पक्षी बघतोय.’

‘कोंच्या? त्या दाभणचोच्या? त्या अजून न्हाई आल्या. नवरात्र बसूद्या.’

दाभण म्हणजे पोती शिवायची जाड, वाकडी सुई. त्या चोचीला याहून चांगलं नाव मी पुढे कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. नवरात्र बसलं आणि पक्षी आले. त्यानंतर दर वर्षी आमची भेट व्हायची. ती विचारायची, ‘किती भरल्या?’ मी आकडा सांगायचो, ती मान हलवायची आणि कामाला लागायची. माझ्या आकड्यात आणि तिच्या अंदाजात दोन-तीनहून जास्त फरक कधी पडला नाही.

मग एका एप्रिलमध्ये नितीनसरांनी मला नकाशा पुढे सरकवला. नदीकाठी सतरा मजल्यांच्या नऊ इमारती. वरची जमीन सिंधूताईच्या दिरांनी विकली होती, आणि खालचा पाणथळ पट्टा भराव टाकून बागेसाठी घेणार होते. मी नकाशावर बोट ठेवून म्हटलं, ‘सर, ही जागा मला माहीत आहे. ही ऑक्टोबरात बघायला हवी.’

‘काका, ऑक्टोबरपर्यंत क्लायंट थांबणार आहे का? रिपोर्ट जूनमध्ये द्यायचाय. एका सीझनचा सर्व्हे चालतो. आपण मे घेऊ.’

‘मग माझ्या वह्यांतल्या नोंदी जोडूया. अकरा वर्षांच्या आहेत.’

नितीनसर गोड हसले. हा माणूस कधी आवाज चढवायचा नाही, हीच त्याची खुबी होती. ‘वह्या म्हणजे तुमचा पर्सनल डेटा झाला. प्रोजेक्टच्या सर्व्हेमध्ये तो कसा येणार? काका, मी तुम्हाला आजवर कधी खोटं लिहा म्हटलंय? जे दिसलं ते लिहा. जे नाही दिसलं ते लिहू नका. इतकं सिंपल आहे.’

तो मला माझंच सोवळं वाचून दाखवत होता. आणि खरं सांगायचं तर त्यात मला थोडं सुखही झालं. कुणीतरी माझी पद्धत मान्य करत होतं.

मे महिन्यात चार दिवस मी त्या पट्ट्यावर गेलो. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. कडेच्या डबक्यात जलपर्णी होती. पद्धत साधी असते. एका जागी उभं राहायचं, अर्धा तास मोजायचं, मग शंभर पावलं पुढे जाऊन पुन्हा अर्धा तास. मी ती तंतोतंत पाळली. कावळे, घारी, दोन टिटव्या, काही बगळे, एक वंचक, म्हणजे मातकट बगळा.

सिंधूताई वाळकं गवत कापत होती. ‘आत्ता कशापायी आलाय?’ तिने विचारलं. ‘आत्ता हितं हाय काय?’

‘काम आहे, ताई. जे दिसेल ते लिहायचंय.’

‘मंग कावळं ल्ह्या,’ ती म्हणाली आणि पाठ वळवली.

मी कावळे लिहिले. अहवालात शेवटी एक वाक्य लागतं, ते मीच लिहिलं: ‘सर्वेक्षणाच्या काळात या जागेवर स्थलांतरित पक्षी आढळले नाहीत.’ त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं आणि, सांगायला लाज वाटते, मला बरं वाटलं. कोकणातली खारफुटी पुण्यात लावणाऱ्यांच्या धंद्यात आपण एक तरी सरळ वाक्य लिहितो, असं मनात येऊन गेलं.

श्रावणात जनसुनावणी झाली. जनसुनावणी म्हणजे बांधकामाला मंजुरी देण्याआधी आजूबाजूच्या लोकांचं म्हणणं ऐकून घेण्याचा सरकारी कार्यक्रम. लग्नाच्या तिथी संपल्या होत्या, म्हणून गावातलं मंगल कार्यालय मोकळं होतं. जिथे नवरा-नवरी बसतात तिथे टेबल मांडलं होतं, मधे अधिकारी, एका बाजूला बिल्डरची माणसं, दुसऱ्या बाजूला आम्ही. प्रत्येकाच्या पुढे नावाची पाटी. माझ्यापुढेही होती. पूर्ण नाव, आडनावासकट, आणि खाली ‘पक्षितज्ज्ञ’. समोर गावातले पुरुष चहा आणि वेफर्स खात बसले होते. जमिनी विकून झाल्या होत्या, त्यामुळे कुणाचं काही म्हणणं नव्हतं. दोघांनी उठून रस्ता रुंद करा म्हणून सांगितलं, एकाने गावातल्या मुलांना नोकऱ्या मागितल्या. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं.

तेव्हा मागच्या रांगेतून सिंधूताई उठली. पुढच्या रांगेतला तिचा दीर मान वळवून म्हणाला, ‘वैनी, बसा खाली.’ ती बसली नाही. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, ‘मला बोलायचं हाय.’

कुणीतरी माईक दिला. तो तिने लांब धरला, कारण तिला त्याची गरज नव्हती.

‘खाली जो चिखुल हाय ना, तितं दसऱ्यापासनं शिमग्यापतुर पाखरं असत्यात. लांबच्या मुलखातनं येत्यात. दर साल येत्यात. तुमी चिखुल बुजवला तर ती बसायची कुठं? आन् माझ्या म्हशींचं गवत बी तितंच हाय.’

पुरुषांत हशा पिकला. म्हशींवर पिकला की पाखरांवर, कळलं नाही. अधिकारी सभ्य होते. ‘बाई, आपल्याकडे याचा काही पुरावा आहे का? फोटो, नोंद, काही?’

‘पुरावा कसला? दसऱ्याला या की, दावते.’

पुन्हा हशा. नितीनसरांनी अहवालाचं पान उघडून अधिकाऱ्यांपुढे ठेवलं आणि नम्रपणे म्हणाले, ‘आमचे पक्षितज्ज्ञ इथे उपस्थित आहेत. आपण त्यांनाच विचारावं.’

माईक माझ्याकडे आला.

‘हे सर्वेक्षण आपणच केलंत?’

‘हो.’

‘त्यात स्थलांतरित पक्षी आढळले होते?’

‘सर्वेक्षणाच्या काळात नाही.’

‘धन्यवाद.’

एवढंच. माईक अजून माझ्या हातात होता. ‘तो मे महिना होता’ एवढे चार शब्द पुरले असते. अकरा वह्या घरी कपाटात होत्या, रिक्षाने अर्धा-पाऊण तास. मी पाटीकडे बघितलं. सव्वीस वर्षं ‘अरे, तो कुठाय’ ऐकलेल्या माणसाचं नाव तिथे ठळक अक्षरांत होतं, आणि हे चार शब्द बोललो तर ती पाटी पुन्हा कुठल्याही टेबलावर लागणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. मी माईक पुढे दिला. सिंधूताई अजून उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, रागाने नव्हे, वाट बघत होती. मग तिच्या लक्षात आलं की मी बोलणार नाही, आणि ती खाली बसली. कार्यक्रम संपल्यावर मी ती पाटी पिशवीत घालून घरी आणली. असा मी माणूस.

दसऱ्याला मी नदीवर गेलो. न जाणं शक्य नव्हतं. पाणी उतरलं होतं आणि उचाटे आले होते, सतरा. सिंधूताई गवत कापत होती. तिने ‘किती भरल्या’ असं विचारलं नाही. मी पांढऱ्या कपड्यांतच चिखलात उतरून नीट मोजले, तास, जागा, संख्या, सगळं लिहिलं आणि विहारात न जाता थेट घरी येऊन नितीनसरांना सविस्तर पत्र लिहिलं. पूर्वीच्या अकरा वर्षांचे आकडे जोडले. फेरविचार व्हावा, असं शेवटी लिहिलं. बंद दाराला नमस्कार करावा तसं ते पत्र होतं.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. ‘काका, ब्युटिफुल! एवढे रेअर बर्ड्स! सर्व्हे तर क्लोज झाला, मंजुरीही आली, पण फोटो असतील तर पाठवा ना. ब्रोशरसाठी क्लायंटला फार आवडेल.’

माझ्याकडे फोटो नव्हते. त्यांनी एका लेन्सवाल्याकडून मिळवले. त्या रंगीत पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर उचाट्या होता, मागे संगणकावर काढलेल्या नऊ इमारती, आणि खाली ‘निसर्गाच्या कुशीत’ असं काहीतरी. फोटो मात्र चांगला होता.

भराव शिमग्यानंतर पडला. मुरुमाचे ट्रक रांगेने यायचे. पंधरा दिवसांत पट्टा सपाट झाला आणि त्याच्यावर रोलर फिरला. त्याच मे महिन्यात मला दुसऱ्या एका नदीकाठच्या जागेचं काम आलं. वाचकांपैकी कुणाला वाटलं असेल की मी बाणेदारपणे नकार दिला, तर त्यांनी तसं वाटून घेऊ नये. मी गेलो. चार दिवस मोजलं. कावळे, घारी, बगळे. शेवटचं वाक्य आता मला पाठ झालं होतं. अशी अजून बरीच वर्षं मी तो धंदा केला, आणि दर वेळी एकही न पाहिलेला पक्षी लिहिला नाही.

भरावानंतरच्या दसऱ्याला मी पुन्हा तिथे गेलो. आता खाली जायला वाट नव्हती, पत्र्याचं कुंपण होतं. कुंपणाच्या टोकाला नदीकडे जाणाऱ्या उतारावर सिंधूताई भेटली. बांधावरचं जेमतेम वीतभर गवत ती विळ्याने खरवडत होती. एक म्हैस विकली, असं मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं.

पक्षी आले. तेवीस होते. नदीच्या वळणावरून ओळीने आले आणि भरावावर उतरायला लागले. लांब पाय खाली सोडले, पंख उभे केले, आणि मुरुमाला पाय लागायच्या आत परत उठले. पुन्हा फिरून आले, पुन्हा उठले. तिसऱ्या फेरीला त्यांनी पाय सोडलेच नाहीत. थोडा वेळ ओरडत वर फिरले आणि नदीच्या खालच्या अंगाला निघून गेले. मी दुर्बीण खाली केली. मला रडू येत होतं, आणि ते सिंधूताईपुढे येऊ नये म्हणून मी वही काढली.

‘ल्ह्यलं का?’ तिने विचारलं.

‘लिहिलं.’

‘काय ल्ह्यलं, वाचा की.’

मी वाचलं. दिवस, वेळ, जागा. उचाटे तेवीस. उतरले नाहीत.

‘मागल्या सालचं बी हाय का?’

ते त्याच वहीत होतं. मी पानं उलटून तेही वाचलं. सतरा. ती विळा हातात धरून ऐकत होती.

‘आन् त्याच्या आदुगरचं?’

‘ते घरी आहे, ताई. वेगळ्या वह्यांत. अकरा वर्षांचं आहे.’

‘समदं ल्ह्यलेलं हाय?’

‘सगळं.’

तिने विळा गवतात खोचून भारा आवळला. मग म्हणाली, ‘मंग त्या दिशी कार्यालयात का न्हाई वाचलं?’

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला माहीत होतं आणि उत्तरही मी तयार करून ठेवलं होतं. मी म्हटलं, ‘वह्यांचं मला कुणी विचारलंच नाही. जेवढं विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर मी दिलं.’

‘मला तरी कुनी इचारलं व्हतं?’ सिंधूताई म्हणाली, आणि गवताचा भारा डोक्यावर घेऊन चढ चढायला लागली.